आडनाव ही चौकशी नव्हे

जूनचा रविवार होता. फाटकावर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावून मला दोनच दिवस झाले होते. बाप-लेक आले. बापाच्या डोक्यावर टोपी, लेकाच्या हातात मार्कशीटची प्लास्टिकची फाइल.

"रूम हाय का जी? पोट्टं इथं शिकाले ठेवाचं हाय."

"आहे ना. नाव काय तुमचं?"

"चव्हाण."

"कोणते चव्हाण?"

वाशिमकराला या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चव्हाण मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. पवार आणि जाधवांचंही तसंच. नुसत्या आडनावानं भागत नाही, म्हणून मग गाव विचारायचं, गावात की तांड्यावर ते विचारायचं, खाण्यापिण्याचं काढायचं आणि हवं ते उत्तर बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. त्या बापानं मला एवढे कष्ट पडू दिले नाहीत. माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि तोच म्हणाला, "राहू द्या जी, आमी पाह्यतो दुसरीकडं." मीही लगेच हातभार लावला: "हो ना, तसं काल एकांचं जवळजवळ ठरलंच आहे." काल कुणाचंच काही ठरलेलं नव्हतं. पाटी पुढं सात आठवडे तिथंच लटकत होती.

आठव्या आठवड्यात 'आपला माणूस' आला. एका सोयऱ्यानं आणला होता. नाव, आडनाव, गाव, गोत, सगळं फोनवरच जुळलं. कागद केला नाही, डिपॉझिट मागितलं नाही. चहा मात्र पाजला. तो चौदा महिने राहिला. नऊ महिन्यांचं भाडं दिलं, पाच महिन्यांचं राहिलं. एका रात्री सामान घेऊन गेला. मागं महावितरणचं थकलेलं बिल आणि न्हाणीघरातला तुटका नळ. मी सोयऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, तुम्ही त्याला काही विचारलं होतं का?"

विचारलं होतं, फक्त त्याचं कूळ. तो कुठं कामाला आहे, आधी कुणाकडं राहत होता, तिथून का निघाला, भाडं कोणत्या तारखेला देणार, यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. हा लेख त्या एका चुकीबद्दल आहे. आडनाव विचारणं म्हणजे भाडेकरूची चौकशी करणं, असं आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात आडनाव विचारून आपण चौकशी टाळत असतो.

पूर्वपक्ष

घरमालकांचं म्हणणं आधी मांडतो, कारण त्यात तथ्य आहे आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे.

वाशिमच्या घरमालकाला मुंबई-पुण्याच्या मापानं मोजता येणार नाही. तिकडं फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतात. मालक राहतो एका शहरात, फ्लॅट दुसऱ्या शहरात आणि मधे दलाल. आपल्याकडं प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढलेल्या असतात. खाली मालक, वर भाडेकरू, जिना एक, टाकी एक. एकबुर्जी धरणाचं पाणी नळाला आलं की ते कोणी, किती भरायचं यावरून दोन घरांचं नातं ठरतं. कित्येक ठिकाणी मालक म्हणजे एकटी राहणारी काकू असते आणि तिचं दूध, औषध, किराणा वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर चालतं. तिच्याकडं वाईट भाडेकरू आला तर तो हिशेबातला तोटा राहत नाही. रोज सकाळी जिन्यात भेटणारा त्रास होतो.

त्यात गावाचा पसाराही बदलला. १९०५ पर्यंत वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, नंतर तो अकोल्यात विलीन झाला. १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीपासून कोषागारापर्यंत सगळी कार्यालयं आली आणि त्यांच्या मागोमाग बदलीवर येणारे कारकून, शिक्षक, अभियंते, परिचारिका आल्या. लाखाळा, सिव्हिल लाइन्स या भागांत वरचे मजले चढले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, म्हणजे आता विद्यार्थीही बाहेरून येणार. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, त्या निमित्तानं माणसांची ये-जा वाढली. पूर्वी ज्याचं सगळं खानदान ठाऊक असे तोच दारात यायचा. आता येणारा अनोळखी असतो. अनोळखी माणसाला घर देताना मालकानं बिचकणं अगदी स्वाभाविक आहे.

म्हणून पाटणी चौकापासून अकोला नाक्यापर्यंत कुणालाही विचारा, पाच वाक्यं ठरलेली आहेत. घर माझं, मर्जी माझी. आपला माणूस बुडवत नाही. भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. कागद केला की त्याला हक्क मिळतो. आणि पोलिसांकडं नाव दिलं की आपलं काम संपलं. भीती खरी आहे. पण तिच्यावर काढलेली ही पाचही औषधं खोटी आहेत.

खंडन

'घर माझं, मर्जी माझी' हे पहिलं वाक्य. कायद्याच्या अंगानं ते निम्मं खरं आहे. संविधानाचं पंधरावं कलम मुख्यतः शासनाला बांधतं. त्यातला खासगी व्यवहारांना लागू होणारा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, पाणवठे अशा सार्वजनिक जागांपुरता आहे, तुमच्या वरच्या मजल्यापर्यंत तो पोचत नाही. पारशी गृहनिर्माण संस्थेनं सभासदत्व पारशांपुरतं ठेवावं की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २००५ मध्ये न्यायालयानं संस्थेच्या बाजूनं कौल दिला. हे सगळं खरं. पण १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा फारसा कुणी वाचत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यात किंवा तिथं राहण्यात आडकाठी करणं हा त्या कायद्याच्या चौथ्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला किमान एक महिना कैद सांगितली आहे. म्हणजे 'मर्जी'लाही कुंपण आहे. 'रूम कालच गेली' असं गोड बोलून आपण ते कुंपण रोज ओलांडतो, इतकंच.

आता कायदा बाजूला ठेवू आणि फक्त शहाणपणाचा प्रश्न विचारू. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा कुणी देईना, म्हणून त्यांना पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात उतरावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती ओळखीच्यानंही दार उघडलं नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. आपण तो अन्यायाची गोष्ट म्हणून वाचतो आणि तशी ती आहेच. एकदा तो घरमालकाच्या नजरेनंही वाचून बघा. भाडेकरूकडं संस्थानची पक्की नोकरी, भाडं नियमित, व्यसन नाही, गोंगाट नाही, रात्रभर वाचन. भाडेकरू पारखण्याची जी जी खरी कसोटी आहे तिच्यावर तो माणूस शंभर टक्के उतरत होता. त्याला काढणाऱ्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, आडनावाचा.

उलट बाजूही बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी महिलेला 'महाराष्ट्रीयांना जागा देत नाही' म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. अख्खा महाराष्ट्र पेटला, आपणही व्हॉट्सअॅपवर पेटलो. बरोबरच केलं. पण पेटलेला तो फोन हातात धरूनच आपण फाटकावरच्या माणसाला 'कोणते चव्हाण?' विचारत होतो. आपली पोरं पुण्यात कात्रजला, हिंजवडीला खोली शोधतात तेव्हा तिथला मालक 'विदर्भातले? बॅचलर? नको' म्हणतो. त्या संध्याकाळी पोराचा फोन आला की मालक किती कोत्या मनाचा असतो, हे आपल्याला लगेच कळतं.

'आपला माणूस बुडवत नाही' हे दुसरं वाक्य. माझा अनुभव वर सांगितला, पण एका अनुभवावरून सिद्धांत काढणं बरं नाही, म्हणून त्यामागचं कारण सांगतो. परका भाडेकरू पाच तारखेला भाडं देत नाही तेव्हा सहा तारखेला आपण विचारतो. आपल्या माणसाला विचारताना जीभ जड होते. सोयरा दुखावेल, लग्नात भेट होईल, चार लोकांत बोलणं होईल. पंधरा दिवस जातात, महिना जातो, पोळा येतो, दिवाळी येते. बुडवणारा जातीमुळं बुडवत नाही. आपण विचारणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो बुडवतो. 'आपला माणूस' म्हणजे ज्याच्याकडं पैसे मागण्याचा हक्क आपण आधीच सोडून दिला तो माणूस.

'सर्व्हिसवाला पाहिजे' हा याच श्रद्धेचा सुशिक्षित अवतार. पगार दर महिन्याला येतो म्हणून भाडंही दर महिन्याला येईल, हे गृहीत आहे, पुरावा नाही. पगाराची स्लिप माणसाची कमाई दाखवते, सवय दाखवत नाही. सवय आधीच्या घरमालकाला विचारावी लागते, आणि आपण नेमकं त्यालाच विचारत नाही.

'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हे तिसरं. या एका अफवेनं विदर्भातल्या जितक्या खोल्या रिकाम्या ठेवल्या असतील तितक्या दुसऱ्या कशानं ठेवल्या नसतील. बारा वर्षांचा आकडा १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातला आहे. पण तो मालकाच्या हक्काला उघडपणे आव्हान देऊन, त्याच्या मनाविरुद्ध ताबा धरून बसणाऱ्याबद्दल आहे. भाडेकरू तुमच्या परवानगीनं आत आलेला असतो. दर महिन्याला भाडं देऊन तो तुम्हीच मालक असल्याचं कबूल करत असतो. त्याला घर देणारा मीच, हे भाडेकरूला पुढं नाकारता येत नाही, असं तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यातही होतं. म्हणून त्याच्या सहीची प्रत्येक भाडेपावती तुमच्या मालकीचा पुरावा ठरते. आणि 'त्याला हक्क मिळेल' म्हणून आपण फाडून टाकतो तीच पावती.

'कागद केला की हक्क मिळतो' हे चौथं, आणि सगळ्यांत महागात पडणारं. खरं नेमकं उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं पंचावन्नावं कलम सांगतं की भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटीवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोंडी व्यवहारात तुमचा हक्क राखला जात नाही, तुम्ही तो भाडेकरूच्या शब्दावर सोडून देता.

'अकरा महिन्यांचा करार बाँडपेपरवर केला की नोंदणी लागत नाही' ही याचीच धाकटी बहीण. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापुढच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. १९९९ च्या कायद्यानं ती महाराष्ट्रापुरती बंद केली. बंद होऊन दोन तपं उलटली तरी कोर्टाबाहेरच्या टपरीवर ती अजून टाइप होते आहे. नोंदणीचा खर्च किती? समजा भाडं महिना ४,००० आणि डिपॉझिट ८,०००. अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशेबानं सव्वाशे रुपयांच्या आत. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर कागद हाताळणीचं किरकोळ शुल्क. हे सगळं मिळून एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यावरही जात नाही. बदल्यात काय मिळतं? मुदत संपूनही परवानाधारक, म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणारा, हलला नाही तर त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं संक्षिप्त पद्धतीनं दाद मागता येते आणि उशिराबद्दल ठरलेल्या भाड्याच्या दुपटीनं भरपाई मिळते. माझ्या 'आपल्या माणसा'कडून मला एक रुपयाही मिळाला नाही, कारण माझ्याकडं कागदाचा एक तुकडा नव्हता.

पाचवं वाक्य पोलिसांचं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या असे आदेश वेळोवेळी निघतात. ते पाळलेच पाहिजेत, माहिती आता ऑनलाइनही देता येते. पण पोलिसांकडची नोंद सांगते की या माणसावर गुन्हा आहे का. तो भाडं वेळेवर देतो का, रात्री दोनला गाणी लावतो का, नळ चालू सोडून बाजारात जातो का, हे ती सांगत नाही. शिवाय आपल्या जिल्ह्यात पारधी समाज आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा जमातींना जन्मतःच संशयित ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय आपल्या फाटकांवर अजून उभा आहे. पोलिसांना माहिती द्यायची तर सगळ्यांची द्या. एकाची दिली आणि दुसऱ्याला 'तुमची काही गरज नाही, तुम्ही आपलेच' म्हटलं, तर सुरक्षेचं नाव घेऊन आडनावच परत आत आलं.

इथपर्यंत वाचून कुणी टाळ्या वाजवत असेल तर त्यानं जरा थांबावं, कारण दुसऱ्या टोकाचं म्हणणंही मला मान्य नाही. काही भली माणसं सांगतात की चौकशी हाच भेदभाव आहे, काही विचारू नका, आधी आला त्याला द्या. भेदभाव आहे, याबद्दल वाद नाही. आपल्याच विदर्भातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर मिळणं किती अवघड जातं आणि मिळालं तरी किती अटींवर, हे त्यांनी फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन तपासलं. पण त्यावरचा उपाय प्रश्न बंद करणं नव्हे. प्रश्न बंद केले की मालक डोळ्यांनी ठरवतो. चेहरा, कपडे, बोलण्यातला हेल, सोबतच्या बाईच्या डोक्यावरचा पदर किंवा बुरखा. माहिती जितकी कमी, तितकं पूर्वग्रहाला मोकळं रान.

मालकाच्या हातून निवड काढून घेण्याचा प्रयोग आपल्या भागात होऊनही गेला आहे. सी.पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९ नुसार घर रिकामं झालं की मालकानं सरकारदरबारी कळवायचं, आणि सरकारी नोकर किंवा निर्वासित यांच्यापैकी कुणाला ते द्यायचं हे अधिकारी ठरवू शके. भाडेकरूला निघण्याची नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी. फाळणीनंतरच्या घरटंचाईत त्याची गरज असेलही. १९९९ च्या कायद्यानं हा आदेश, मुंबईचा १९४७ चा कायदा आणि हैदराबादचा १९५४ चा कायदा मोडीत काढून सगळ्या राज्याला एकच कायदा दिला. ज्याच्या डोक्यावर भाडेकरू राहणार, त्याला विचारायचा हक्क हवाच. वाद आहे तो काय विचारायचं याचा.

मंडन

मी आता एक वही ठेवली आहे. शंभर पानी, साधी. जो येईल त्याची नोंद तारखेनं आणि क्रमानं होते. प्रश्न पाच आणि सगळ्यांना तेच. राहणार किती जण? किती काळासाठी? भाडं कशातून आणि कोणत्या तारखेला? आधी कुठं राहत होता आणि तिथल्या मालकाचा नंबर काय? नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडं माहिती, याला तयारी आहे का? पाचही उत्तरं जुळणारा जो पहिला, खोली त्याची.

या पाचांतला चौथा प्रश्न सोन्याचा आहे. फोन सध्याच्या मालकाला न करता त्याच्या आधीच्या मालकाला करावा. सध्याच्याला भाडेकरू घालवायचा असेल तर तो त्याचे गोडवेच गाईल. त्या आधीच्याला खोटं बोलायचं कारण नसतं. त्याला एवढंच विचारायचं: "पुन्हा आला तर द्याल का?" उत्तराआधी तो किती वेळ थांबतो, त्यातच निम्मं उत्तर असतं.

तिसऱ्या प्रश्नात आपल्या जिल्ह्याचं वेगळेपण आहे. पगाराची स्लिप मागणं ही शहरी पद्धत. इथं शिकायला येणाऱ्या पोरांचे बाप शेतकरी. त्यांचा पैसा दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघतं, पुढं जानेवारी-फेब्रुवारीत तूर. अशा बापाला दरमहा भाड्याच्या कसोटीला लावलं तर तो नापासच होणार, आणि चूक कसोटीची असेल. त्याला सरळ विचारावं: सोयाबीन विकल्यावर सहा महिन्यांचं एकदम देता का? बहुतेक जण हो म्हणतील, कारण पैसा हातात असतो आणि खर्च पोराच्या शिक्षणाचा असतो. बारा हप्त्यांऐवजी दोन. मालकालाही बरं आणि महिन्याच्या महिन्याला तोंड वाकडं करायची पाळी दोघांवरही येत नाही. जूनच्या त्या रविवारी मी हा एक प्रश्न विचारला असता, तर सात आठवडे पाटी लटकली नसती.

डिपॉझिट दोन महिन्यांचं पुरे. केंद्र सरकारनं २ जून २०२१ ला जो नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यातही राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा आहे. तो कायदा राज्यांनी आपापला स्वीकारायचा आहे, महाराष्ट्रात १९९९ चाच चालतो. तरी माप म्हणून ते रास्त आहे. डिपॉझिटच्या बळावर आपण चौकशीचा आळस करतो. सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं की गरीब पण प्रामाणिक माणूस गळतो आणि दुसऱ्याचे पैसे फिरवणारा टिकतो.

कागदपत्रांचंही भान हवं. खोली न मिळालेल्या सात जणांच्या आधारच्या झेरॉक्स आपल्या टेबलाच्या खणात पडून असतात. बघायला मागावं, ठेवू नये. ठेवायचं असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार घ्यावं. ते आधारच्या संकेतस्थळावरच मिळतं. ज्याला खोली दिली नाही त्याचा कागद त्याच्यासमोर फाडावा.

खोली दिल्यावर दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग लिहावं, नळ, पंखा, खिडक्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवावेत. जमत असेल तर वरच्या मजल्याला वेगळं मीटर घ्यावं. दोन घरं एका मीटरवर असली की युनिट वरच्या दराच्या टप्प्यात जातात आणि भांडण सुरू होतं. भाडं यूपीआयवर घ्यावं आणि पावतीही द्यावी. ती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, शिवाय नोकरदाराला घरभाडे सवलतीसाठी ती लागते. आणि भाडं थकलं तरी पाणी किंवा वीज तोडू नये. कायद्यात त्याला स्पष्ट मनाई आहे, आणि तोडली की दोष भाडेकरूचा असला तरी गुन्हेगार आपण ठरतो.

शेवटी नाही म्हणण्याबद्दल. आपल्याकडं 'नाही' तोंडावर कुणी म्हणत नाही. 'रूम कालच गेली', 'मुलगा यायचाय', 'घरच्यांना विचारून सांगतो'. ही खोटी वाक्यं सभ्यता म्हणून खपतात. नाही म्हणायचं तर कारण सांगावं: पाच जणांना ही खोली लहान पडेल, मला वर्षभरासाठी हवा होता, तुम्ही तीनच महिने म्हणता, आधीच्या मालकाकडं तीन महिन्यांचं भाडं बाकी आहे. जे कारण समोरच्याच्या तोंडावर सांगता येत नाही, ते कारणच नव्हे. ही एकच कसोटी लावली तरी फाटकावरचा निम्मा अन्याय थांबेल, कारण 'तुम्ही त्या चव्हाणांपैकी आहात म्हणून' हे वाक्य दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून कुणालाच उच्चारता येत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्यानं गावाची जात जाणार आहे का? जाणार नाही. त्याची ग्वाही मी देत नाही. मी फक्त हिशेबाची गोष्ट सांगतो आहे. आडनावाच्या चाळणीनं मला एक चांगला भाडेकरू गमवायला लावला आणि एक वाईट मिळवून दिला. पाच प्रश्नांची वही आल्यापासून खोली अजून एकदाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त रिकामी राहिलेली नाही.

तुमच्या फाटकावर पाटी लावाल तेव्हा अशी एक वही घ्या. रकाने पाचच आखा. आडनावाला त्यात रकाना ठेवू नका. करार करताना ते लिहावंच लागतं, तेव्हा लिहू.